टाळेबंदीचा ताळेबंद : केंद्राच्या आर्थिक पाहणीतील (२०२०-२१) मूल्यमापनाची चिकित्सा

गोषवारा

कोविड-१९ च्या साथीत २५ मार्च २०२० पासून देशभर लागू झालेल्या टाळेबंदीचे सविस्तर आणि सैद्धांतिक पातळीवरील अधिकृत समर्थन २९ जानेवारी २०२१ रोजी संसदेत मांडलेल्या आर्थिक पाहणीच्या पहिल्या प्रकरणात आढळते. प्रस्तुत लेखात त्या प्रकरणाच्या युक्तिवादाची चिकित्सा केली आहे. टाळेबंदीचा निर्णय योग्य होता की अयोग्य, एवढाच प्रश्न येथे अभिप्रेत नाही. त्या निर्णयाचा लाभ आणि खर्च मोजण्याची रीत सदोष असल्यामुळे पुढील साथीसाठी चुकीचा धडा मागे राहतो, हे दाखविणे हा लेखाचा उद्देश आहे. कायद्याच्या सक्तीचा भार ज्या वर्गावर सर्वाधिक पडला, त्याच वर्गाला संसर्गापासून संरक्षण सर्वात कमी मिळाले. देशाची सरासरी मांडणाऱ्या ताळेबंदात ही विसंगती दिसत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : टाळेबंदी, आर्थिक पाहणी, लाभ-खर्च विश्लेषण, स्थलांतरित श्रमिक, सिरो सर्वेक्षण, अतिरिक्त मृत्यू

१. प्रास्ताविक

मराठी भाषेला 'टाळेबंदी' हा शब्द २०२० पूर्वीही परिचित होता. 'संप आणि टाळेबंदी' अशी जोडी कामगार कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत आणि गिरणगावाच्या इतिहासात वारंवार येते. तेथे या शब्दाचा अर्थ नि:संदिग्ध आहे. मालक कारखान्याच्या फाटकाला कुलूप लावतो आणि कामगार बाहेर राहतो. कुलूप कोणी लावले आणि बाहेर कोण राहिले, हे दोन्ही त्या शब्दातच सांगितलेले असते. मार्च २०२० नंतर हाच शब्द साथरोगाच्या संदर्भात रूढ झाला, तेव्हा मात्र हे कर्ता-कर्म लोप पावले. टाळेबंदी 'देशाची' झाली, तिचा लाभ 'देशाला' झाला आणि तिची किंमत 'अर्थव्यवस्थेने' मोजली, अशी भाषा सुरू झाली. या भाषेने जे झाकले गेले ते पुन्हा दृष्टीसमोर आणणे, हे समाजशास्त्रे आणि अर्थशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकांचे काम आहे, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे.

घटनाक्रम सर्वांच्या स्मरणात आहे. २२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू पाळला गेला. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि अवघ्या चार तासांनी एकवीस दिवसांची देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. त्या वेळी देशातील नोंदलेल्या रुग्णांची संख्या पाचशेच्या आसपास होती. पुढे ३ मे, १७ मे आणि ३१ मे अशी मुदत वाढत गेली. ऑक्सफर्ड विद्यापीठाने तयार केलेल्या निर्बंधांच्या कठोरता निर्देशांकात भारताने या काळात शंभरपैकी शंभर गुण गाठले. अशा अडुसष्ट दिवसांच्या, जगातील अत्यंत कठोर गणल्या गेलेल्या उपायाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर केले गेले, हे पाहणे अगत्याचे ठरते.

२. आर्थिक पाहणीची मांडणी

तत्कालीन मुख्य आर्थिक सल्लागार कृष्णमूर्ती सुब्रमण्यन यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध झालेल्या या पाहणीचे पहिले प्रकरण जीव आणि जीविका वाचविण्याच्या प्रश्नाला वाहिलेले आहे. त्यातील युक्तिवाद थोडक्यात असा मांडता येईल. मार्च २०२० मध्ये विषाणूविषयी पराकोटीची अनिश्चितता होती. अशा अनिश्चिततेत सर्वात वाईट शक्यता गृहीत धरावी आणि त्या शक्यतेतील हानी किमान राहील असा पर्याय निवडावा, हे अर्थशास्त्रातील निर्णयशास्त्राचे मान्य तत्त्व आहे. त्यासाठी पाहणी हॅन्सन आणि सार्जंट या अर्थशास्त्रज्ञांच्या सिद्धांताचा हवाला देते. संकटात सापडलेला जीव वाचविणे हाच धर्म, या महाभारतातील विचाराचाही आधार घेते. राष्ट्रीय उत्पन्नातील घट पुढे भरून निघू शकते, परंतु गेलेला जीव परत येत नाही. म्हणून दीर्घकालीन हितासाठी अल्पकालीन वेदना सोसण्याचा मार्ग देशाने पत्करला, असे तिचे म्हणणे आहे. या धोरणामुळे सुमारे ३७ लाख रुग्ण आणि एक लाखांहून अधिक मृत्यू टळले, तसेच अर्थव्यवस्था इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकारात सावरली, असा निष्कर्ष पाहणी काढते.

या मांडणीत बळ नाही असे नाही. मार्च २०२० मध्ये इटलीच्या लोंबार्दी प्रांतातील रुग्णालये कोलमडताना जगाने पाहिली होती. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या १६ मार्चच्या अहवालाने कोणताही उपाय न योजल्यास ब्रिटनमध्ये पाच लाखांहून अधिक मृत्यू होतील असा इशारा दिला होता. विषाणूची चाचणी करण्याची भारताची क्षमता तेव्हा तुटपुंजी होती. अशा वेळी काही आठवड्यांची सक्त टाळेबंदी हा अविवेकी निर्णय होता, असे म्हणणे पश्चातबुद्धीचे ठरेल. तथापि निर्णय आणि त्याचे मूल्यमापन या दोन भिन्न गोष्टी आहेत. निर्णय मार्च २०२० मधला, मूल्यमापन जानेवारी २०२१ मधले. मधल्या दहा महिन्यांत पुष्कळ माहिती हाती आली होती. अनिश्चिततेचा बचाव निर्णयाला लागू पडतो. मूल्यमापनाला तो लागू पडत नाही.

३. लाभाची बाजू : न झालेल्या मृत्यूंचे गणित

टळलेले मृत्यू कोणी पाहिलेले नसतात. प्रत्यक्षात जे घडले त्याची तुलना, टाळेबंदी नसती तर जे घडले असते त्या कल्पित स्थितीशी करूनच ते मोजावे लागतात. साहजिकच कल्पित स्थिती जशी मांडावी तसे उत्तर मिळते. १४ सप्टेंबर २०२० रोजी तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी संसदेत दिलेल्या निवेदनानुसार टाळेबंदीमुळे १४ ते २९ लाख रुग्ण आणि ३७ ते ७८ हजार मृत्यू टळले. साडेचार महिन्यांनी आर्थिक पाहणीत हाच आकडा एक लाखाच्या वर गेला. गणनेची पद्धत आणि कालावधी भिन्न असल्याने आकडे भिन्न असणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या राशीच्या किमान आणि कमाल अंदाजांत दुपटीहून अधिक तफावत आहे, तिचा उल्लेख मोजमाप म्हणून न करता अंदाज म्हणूनच व्हावयास हवा.

आंतरराष्ट्रीय संशोधनातही हीच अडचण दिसते. 'नेचर' या नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लॅक्समन आणि सहकाऱ्यांच्या निबंधाने अकरा युरोपीय देशांत मे २०२० च्या आरंभापर्यंत सुमारे ३१ लाख मृत्यू टळल्याचा अंदाज दिला. मात्र संसर्गाच्या वेगात पडलेला फरक हा सरकारी उपायांमुळेच पडतो, हे त्या प्रतिरूपाचे गृहीतक होते. लोक स्वत:हून भयाने घरी राहिले असतील, ही शक्यता त्यात स्वतंत्रपणे धरलेली नव्हती. उलटपक्षी, गूल्सबी आणि सिव्हर्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी भ्रमणध्वनीच्या माहितीवरून असे दाखविले की, दुकाने-आस्थापनांकडील ग्राहकांची ये-जा सुमारे ६० टक्क्यांनी घटली, पण त्यापैकी सरकारी आदेशामुळे घडलेली घट केवळ ७ टक्के-बिंदूंची होती. उरलेली घट लोकांनी स्वेच्छेने पाळलेल्या संयमाची होती. स्वीडनचे उदाहरणही एकेरी नाही. सक्तीची टाळेबंदी न करणाऱ्या या देशात २०२० मध्ये नॉर्वे, फिनलंड आणि डेन्मार्क या शेजाऱ्यांपेक्षा बरेच अधिक मृत्यू झाले. परंतु २०२० ते २०२२ या तीन वर्षांतील अतिरिक्त मृत्यूंचे प्रमाण पाहता तो युरोपातील बहुसंख्य देशांपेक्षा खाली राहिला. टाळेबंदीने काहीच साधत नाही किंवा सर्व काही टाळेबंदीनेच साधले, ही दोन्ही टोके पुराव्याला धरून नाहीत.

आर्थिक पाहणीने लोकसंख्या, घनता, वयोरचना इत्यादी घटकांवरून प्रत्येक राज्यात किती रुग्ण अपेक्षित होते याचा अंदाज बांधला आणि प्रत्यक्ष नोंदींशी त्याची तुलना केली. या तुलनेत उत्तर प्रदेश, गुजरात आणि बिहार यांनी रुग्णवाढ उत्तम रीतीने रोखल्याचे, तर महाराष्ट्राची कामगिरी सर्वात निकृष्ट ठरल्याचे दिसून आले. येथे मूलभूत प्रश्न असा की, कमी नोंद म्हणजे कमी रोग काय? ज्या राज्यात चाचण्या मर्यादित आणि मृत्यूची नोंदणी अपुरी, त्या राज्याचा आकडा आपोआप लहान दिसतो. जून २०२१ मध्ये न्यायालयीन निगराणीखाली फेरतपासणी झाली तेव्हा बिहारमधील कोविड मृत्यूंचा साडेपाच हजारांच्या आसपास असलेला अधिकृत आकडा एकाच दिवशी नऊ हजारांच्या पुढे गेला, ही बाब पुरेशी बोलकी आहे. महाराष्ट्रानेही मागील मृत्यूंची भर वेळोवेळी आपल्या आकडेवारीत घातली. येथे राज्याभिमानाचा मुद्दा नाही. नोंदीच्या प्रामाणिकपणाला दंड आणि नोंदीच्या उणिवेला बक्षीस, असा या पद्धतीचा परिणाम होतो, हा मुद्दा आहे.

याहून गंभीर आक्षेप काळाविषयी आहे. टाळेबंदीमुळे रुग्णसंख्येचा कळस लांबला आणि तो सप्टेंबर २०२० मध्ये आला, असे पाहणी म्हणते. लांबणे आणि टळणे यांत अंतर आहे. पुढे ढकललेला संसर्ग लस येईपर्यंत पुढे ढकलता आला, तरच तो टळला असे म्हणता येते. पाहणी प्रसिद्ध झाली तेव्हा लसीकरण सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. मार्च २०२१ अखेर देशात साधारण साडेसहा कोटी मात्रा दिल्या गेल्या होत्या. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण अल्प होते. एप्रिल-मे २०२१ मधील दुसऱ्या लाटेत दैनंदिन रुग्णसंख्या चार लाखांवर गेली. मे २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नागरी नोंदणीच्या आकडेवारीनुसार देशात २०२० मध्ये सुमारे ८१ लाख आणि २०२१ मध्ये सुमारे १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले. या २१ लाखांच्या वाढीत नोंदणी सुधारल्याचाही काही वाटा असेल. तरीही २०२१ अखेरपर्यंतच्या ४ लाख ८१ हजार या अधिकृत कोविड मृत्यूंपेक्षा ही वाढ कितीतरी मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२०-२१ या दोन वर्षांसाठी ४७ लाख अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज दिला. भारत सरकारने त्याची पद्धत अमान्य केली. हा वाद बाजूला ठेवला, तरी जानेवारी २०२१ मध्ये मांडलेला 'वाचलेल्या जिवांचा' हिशेब अपुऱ्या काळाचा होता, एवढे निर्विवाद आहे.

४. खर्चाची बाजू : सकल उत्पादनापलीकडे

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशांतर्गत सकल उत्पादन आधीच्या वर्षीच्या याच तिमाहीच्या तुलनेत २३.९ टक्क्यांनी घटले. पुढील सुधारणेत ही घट २४.४ टक्के ठरली. पहिल्या अंदाजानुसार बांधकाम क्षेत्र ५० टक्क्यांहून अधिक आणि निर्मितीक्षेत्र ३९ टक्क्यांहून अधिक आकुंचित झाले. केवळ शेतीने ३.४ टक्के वाढ दाखविली. २०२०-२१ या संपूर्ण वर्षातील घट आरंभी ७.३ टक्के आणि २०२३ मधील सुधारणेनंतर ५.८ टक्के अशी नोंदली गेली.

पाहणीने ज्या 'व्ही' आकाराचा गौरव केला, त्याविषयी एक साधे गणित ध्यानात घ्यावे लागेल. एप्रिल-जून २०१९ चे उत्पादन १०० मानल्यास पुढील वर्षी ते सुमारे ७५.६ झाले. एप्रिल-जून २०२१ मध्ये २०.१ टक्के वाढ झाल्याचे जाहीर झाले. परंतु ७५.६ वर २०.१ टक्के वाढ म्हणजे सुमारे ९०.८. दोन वर्षांनीही उत्पादन मूळ पातळीपेक्षा नऊ टक्क्यांनी कमीच होते. टक्केवारीचा आलेख सावरला म्हणजे पातळी सावरली असे होत नाही, हे आपण पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवितो. धोरणाच्या दस्तऐवजांनाही तो नियम लागू आहे.

शिवाय तिमाही अंदाजांत असंघटित क्षेत्राचे उत्पादन प्रत्यक्ष मोजले जात नाही. बहुतांशी ते संघटित क्षेत्राच्या निर्देशकांवरून अनुमानित केले जाते. सामान्य काळात ही रीत चालून जाते. ज्या आघाताने पानटपरी, नाक्यावरचा मजूर आणि घरकामगार स्त्री यांचे उत्पन्न एका रात्रीत शून्यावर आणले, त्या आघातात मोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदावरून त्यांची स्थिती ताडणे असमर्थनीय आहे. सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी या संस्थेच्या पाहणीनुसार एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारीचा दर २३ टक्क्यांच्या वर गेला आणि सुमारे १२ कोटी लोकांचे काम गेले. या आकड्यांतून सावरण्याची गती सर्वांना सारखी नव्हती.

पैशात न मोजला जाणारा खर्च आणखी निराळा. भारतात २०१९ मध्ये क्षयरोगाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ही नोंद सुमारे १८ लाखांवर आली. रोग चतुर्थांशाने कमी झाला नव्हता. रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचू शकला नव्हता. म्हणजे 'जीव विरुद्ध जीविका' अशी जी विभागणी पाहणी गृहीत धरते, तीच मुळात अपुरी आहे. टाळेबंदीच्या खर्चाच्या रकान्यातही जीव आहेत.

शिक्षणाची हानी तर आपल्या डोळ्यांदेखत झाली. महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग भरण्यास डिसेंबर २०२१ उजाडला. 'असर' अहवालानुसार दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे देशातील प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर घसरले. प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एक विद्यार्थी २०२० च्या पावसाळ्यात रेंज मिळावी म्हणून शेताच्या बांधावर छत्री धरून ऑनलाइन तासाला बसत असे. दिवाळीनंतर तो दिसेनासा झाला. चौकशी केली तेव्हा वीटभट्टीवर वडिलांच्या जोडीला गेल्याचे समजले. परीक्षेच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे 'अनुपस्थित' एवढीच नोंद आहे. अशा अनुपस्थितींची बेरीज कोणत्याही तिमाहीच्या सकल उत्पादनात येत नाही आणि ती 'व्ही' आकारात भरूनही निघत नाही.

५. लाभ कोणाला, भार कोणावर

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. गूल्सबी-सिव्हर्सन यांचा निष्कर्ष भारताला जसाच्या तसा लागू करता येणार नाही. स्वेच्छेने घरी राहण्यासाठी घर, शिल्लक आणि घरबसल्या करता येण्यासारखे काम लागते. ज्या वर्गाकडे या तिन्ही गोष्टी होत्या, आणि त्यांत आपण प्राध्यापक मंडळीही येतो, तो वर्ग आदेश नसता तरी बव्हंशी घरीच राहिला असता. नियमित वेतन चालू असल्याने त्याचा खर्चही मर्यादित होता. याउलट रोजंदारीवर जगणारा माणूस आदेशाविना घरी राहणे शक्यच नव्हते. याचा अर्थ असा की, स्वेच्छेच्या संयमाव्यतिरिक्त कायद्याच्या सक्तीने जो अधिकचा परिणाम घडविला, तो प्रामुख्याने ज्यांना घरी राहणे परवडत नव्हते त्यांच्यावरच घडविला. सक्तीचा खर्च या वर्गावर केंद्रित झाला.

मग सक्तीचा लाभ तरी त्याला मिळाला काय? जुलै २०२० मध्ये मुंबई महानगरपालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या परिसरांतील तीन प्रभागांत सिरो सर्वेक्षण केले. झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली. झोपडपट्टीबाहेर हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. एकाच प्रभागात, एकाच टाळेबंदीखाली, एवढी तफावत! कारण उघड आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसे आणि वस्तीला सामायिक शौचालय, अशा ठिकाणी 'घरी राहा' या आदेशाने संपर्क तुटत नाही; काही अंशी तो वाढतो. इमारतीतील कुटुंबाला घराच्या भिंतीने जे संरक्षण दिले, ते वस्तीला मिळू शकले नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. झोपडपट्टीतील लोकसंख्या तुलनेने तरुण असल्याने तेथील मृत्यूचे प्रमाण कमी राहिले, आणि शहरातील रुग्णालये कोलमडली नाहीत याचा लाभ वस्तीलाही झाला, असे म्हणता येईल. हा आक्षेप अंशत: मान्य करावा लागतो. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण आढळल्यानंतर साथ आटोक्यात ठेवण्यात यश आले. परंतु तेथे घरोघरी तपासणी, संशयितांसाठी शाळा-सभागृहांत विलगीकरणाची सोय, जेवणाची व्यवस्था आणि खासगी डॉक्टरांचे साहाय्य ही कामे झाली. यांपैकी एकही काम 'टाळे' या शब्दात सामावत नाही. म्हणजे वस्तीत जे उपयोगी पडले, ती सार्वजनिक आरोग्यव्यवस्था होती.

स्थलांतरित श्रमिकांच्या बाबतीत ही विसंगती टोकाला गेली. ८ मे २०२० च्या पहाटे तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ रेल्वे रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडून मृत्यू पावले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करीत होते आणि मध्य प्रदेशातील गावी जाणारी गाडी मिळेल या आशेने भुसावळच्या दिशेने पायी निघाले होते. गाड्या बंद असल्याने रुळावरून गाडी येणार नाही, असा समज तेव्हा सर्वत्र होता. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाने संसदेत सांगितले की, एक कोटीहून अधिक श्रमिक स्वगृही परतले. त्यांच्यापैकी किती जणांचा मृत्यू झाला याची माहिती मात्र ठेवण्यात आलेली नाही. ज्या मृत्यूंची नोंदच नाही, ते खर्चाच्या रकान्यात येणार कसे? कल्पित स्थितीतील एक लाख टळलेले मृत्यू हिशेबात धरले गेले आणि प्रत्यक्ष रस्त्यावर झालेले मृत्यू मोजले गेले नाहीत. हा दोष तांत्रिक नाही. तो दृष्टीचा आहे.

आर्थिक पाहणीने घेतलेल्या सिद्धांताच्याच कसोटीवर हे तपासता येते. सर्वात वाईट शक्यता गृहीत धरून निर्णय घ्यावयाचा असेल, तर ती रोगाच्या बाजूने जशी धरावयाची तशीच उपासमार, बेकारी आणि पायी स्थलांतर यांच्या बाजूनेही धरावयास हवी होती. चार तासांच्या सूचनेने कोट्यवधी हातांचे काम थांबेल तेव्हा घडू शकणाऱ्या वाईटात वाईट गोष्टी कोणत्या, हा प्रश्न पाहणी विचारीत नाही. रोगाच्या बाबतीत अनिश्चितता आणि जीविकेच्या बाबतीत 'पुढे भरून निघेल' ही निश्चिती, असे दुहेरी माप तिने वापरले आहे.

६. विकत घेतलेल्या वेळेचा हिशेब

टाळेबंदी हा रोगावरचा उपाय नसतो. तिच्याद्वारे वेळ विकत घेतला जातो. म्हणून तिची परिणामकारकता त्या वेळेत काय केले यावर ठरते. या बाबतीत जमेची बाजू आहेच. जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील एकमेव प्रयोगशाळेत या विषाणूची चाचणी होत असे. जूनच्या अखेरीस देशात अशा हजार प्रयोगशाळा उभ्या राहिल्या होत्या. डॉक्टरांसाठीच्या संरक्षक पोशाखांचे देशी उत्पादन या काळात वाढले. २६ मार्चला १ लाख ७० हजार कोटी रुपयांची गरीब कल्याण योजना जाहीर झाली, मोफत धान्य मिळाले आणि महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने दरमहा ५०० रुपये जमा झाले. रोजगार हमीवर २०२०-२१ मध्ये अकरा कोटींहून अधिक लोकांनी काम केले. मूळ महाराष्ट्रात रुजलेल्या या योजनेने संकटात देशाला हात दिला, याचे स्मरण ठेवले पाहिजे. उणे बाजूही तितकीच स्पष्ट आहे. शिधापत्रिका गावी आणि माणूस शहरात, या अवस्थेतील मजुराला धान्य मिळण्यात अडचणी आल्या. श्रमिक रेल्वेगाड्या १ मेपासून, म्हणजे टाळेबंदीनंतर पाच आठवड्यांनी सुटल्या. आणि एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायूसाठी जी धावाधाव झाली, ती पाहता पहिल्या वर्षी विकत घेतलेला वेळ पूर्णपणे कारणी लागला असे म्हणवत नाही.

दुसऱ्या लाटेच्या वेळचा एक तपशील येथे उद्बोधक ठरतो. १३ एप्रिल २०२१ रोजी महाराष्ट्र शासनाने नवे निर्बंध जाहीर केले, ते लागू होण्यास सुमारे एक दिवसाचा अवधी दिला, कारखाने आणि बांधकामे काही अटींवर चालू ठेवली, आणि त्याच घोषणेत ५,४७६ कोटी रुपयांच्या साहाय्याची तरतूद सांगितली. नोंदीत बांधकाम मजूर, परवानाधारक रिक्षाचालक आणि अधिकृत फेरीवाले यांना प्रत्येकी १,५०० रुपये देण्याचे त्यात होते. ही रक्कम अपुरी होती, नोंद नसलेले त्यातून वगळले गेले आणि त्या लाटेत राज्यात प्रचंड मनुष्यहानी झाली, हे खरे आहे. तरीही निर्बंध आणि साहाय्य एकाच घोषणेत येणे, हा २०२० च्या अनुभवातून घेतलेला धडा होता.

कायद्याच्या अंगानेही विचार आवश्यक आहे. १८९६ च्या मुंबईतील प्लेगनंतर घाईने झालेला १८९७ चा साथरोग अधिनियम मार्च २०२० मध्ये राज्याने वापरला. त्यात शासनाला विस्तृत अधिकार आहेत; भरपाईचा उल्लेख मात्र 'असल्यास' या शर्तीवर येतो. त्या कायद्याखालील पुण्यातील सक्ती आणि जून १८९७ मधील रँडचा वध हा इतिहास आपल्याला पाठ आहे. केंद्राने ज्याचा आधार घेतला त्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या १२ व्या कलमात मात्र बाधितांना द्यावयाच्या किमान साहाय्याचे निकष ठरविण्याची तरतूद आहे, आणि ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यातील सानुग्रह साहाय्य बंधनकारक ठरविले. अधिकाराबरोबर उत्तरदायित्व येते, हे तत्त्व कायद्यात आहे. मूल्यमापनात ते उतरलेले नाही.

७. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एक, मार्च २०२० मधील अल्पकालीन टाळेबंदीचे समर्थन होऊ शकते. परंतु तिची पूर्वसूचना, मुदत आणि साहाय्याची सांगड यांचे समर्थन त्याच युक्तिवादाने होत नाही. दोन, वाचलेल्या जिवांचा आकडा सांगताना त्याची कमाल-किमान मर्यादा आणि कालावधी सांगणे बंधनकारक मानले जावे. लांबलेला मृत्यू टळलेल्या मृत्यूत गणू नये. तीन, खर्चाच्या रकान्यात केवळ सकल उत्पादन न मांडता न झालेले उपचार, सुटलेले शिक्षण आणि स्थलांतरातील मृत्यू यांचा समावेश व्हावा. चार, लाभ आणि भार यांची विभागणी वर्गनिहाय दाखविल्याखेरीज कोणताही ताळेबंद पूर्ण समजू नये.

पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही; ती येईल तेव्हा शासनाच्या हाती मागील मूल्यमापनाचा कागद असेल. त्या कागदावर 'टाळेबंदी यशस्वी' एवढाच शेरा राहिला, तर पुन्हा चार तासांची सूचना देण्यास कोणाचाही हात अडखळणार नाही. सरासरी ही सोयीची गोष्ट आहे, पण सरासरीला भूक लागत नाही आणि ती गावाकडे पायी निघत नाही. कुलूप कोणी लावले आणि बाहेर कोण राहिले, हा मराठीतील जुन्या टाळेबंदीचा प्रश्न नव्या टाळेबंदीलाही विचारला गेला पाहिजे. तो विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे, एवढे तरी आपल्या वर्गाच्या चार भिंतींत निश्चितच शक्य आहे.